न आवळलेले कपाट

एकदा एका व्यापाऱ्याने पाच खोक्यांत भरून आलेले कपाट आपल्या घरी उतरवून घेतले. फळ्या निराळ्या, स्क्रू निराळे, लाकडी खुंट्या निराळ्या, आणि ते सगळे कसे जोडायचे त्याची चित्रे काढलेला एक कागद. जोडून झाल्यावर त्या कपाटाच्या पोटातून एक फळी पुढे उतरायची आणि तिचे टेबल व्हायचे. त्या टेबलावर शिवणयंत्र राहील एवढी जागा होती. व्यापाऱ्याने कपाट मागवले ते त्या जागेसाठीच.

हा व्यापारी विजेच्या हत्यारांचा. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत त्याचे दुकान. भोके पाडायची, स्क्रू पिळायची, लाकूड कापायची, घासायची अशी सगळी यंत्रे त्याच्याकडे मिळत. तरुणपणी सात वर्षे तो गावातल्याच एका मिस्त्रींकडे सुतारकाम शिकला होता. मग त्याने रंधा खाली ठेवला आणि दुकान काढले, त्या गोष्टीला अठरा वर्षे झाली होती. गिऱ्हाईक आले की तो लाकडाचा एक ठोकळा पुढे ओढायचा, यंत्र त्यावर धरायचा आणि टर्रर्र करून दोन इंची स्क्रू डोक्यापर्यंत आत घालवायचा. "मोजा," म्हणायचा, "तीन म्हणायच्या आत जातो की नाही बघा." जायचाच. तो ठोकळा वर्षानुवर्षे असे स्क्रू गिळत बसला होता.

व्यापाऱ्याचा स्वभावही तसाच होता. वाईट नव्हे हो, अगदी सज्जन मनुष्य. पण घरातली प्रत्येक वस्तू त्याने एकदा ठरवलेल्या जागी बसलेली असे, आणि बसली की ती हलत नसे. त्याची बायको रोहिणी शिवणकाम करायची. तिचे यंत्र पलंगाखाली असे. दुपारी बाहेर काढायचे, दिवेलागणीच्या आत परत पलंगाखाली. अर्धवट शिवलेला कपडा बाहेर राहिलेला त्याला पाहवत नसे. दिसला की तो नीट घडी घालून आत ठेवून द्यायचा, आणि सुई कुठवर आली होती ते रोहिणीला दुसऱ्या दिवशी शोधावे लागायचे. जमिनीवर टाचणी सापडली की तो ती चिमटीत धरून तिच्यासमोर नेऊन ठेवायचा. बोलायचा काही नाही. टाचणीच बोलायची.

आठ महिन्यांमागे रोहिणीच्या आईचा पाय मोडला म्हणून ती माहेरी गेली. पुढे पाय सांधला, म्हातारी काठी टेकत देवळापर्यंत जाऊ लागली, पण रोहिणी आली नाही. भांडण असे काही झाले नव्हते. तो फोनवर विचारायचा, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू." एकदाच ती त्याहून जास्त बोलली. म्हणाली, "तुमच्या घरात सगळं बसलेलं आहे हो. मी कुठं बसू, तेवढं मला कळत नाही."

व्यापाऱ्याने फोन ठेवला. पण घर त्याच्याशी बोलू लागले. आठ महिने तो रोज सकाळी केर काढत होता, आणि केरात एकही टाचणी निघत नव्हती. धाग्याचा एक तुकडा नाही. एके दिवशी मोरीच्या उंबऱ्याजवळ त्याच्या पायात काहीतरी टोचले. पाहतो तर जुनी, गंजलेली टाचणी. तो तिथेच पाय हातात धरून बसला आणि बराच वेळ ती काढलीच नाही त्याने.

मग एका गुरुवारी रोहिणीचाच फोन आला.

"रविवारी येते. दहाच्या सुमाराला. टेम्पो घेऊन येते."

"टेम्पो कशाला?"

"मशीन न्यायला. इकडं लग्नाची कामं मिळालीत. आईची जुनी मशीन चालत नाही."

तो "बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आले की यंत्र गेले म्हणजे तिला या घरी यायला कारण असे काही उरणार नाही. त्याने त्याच संध्याकाळी ते कपाट मागवले, आणि शनिवारी सकाळी पाच खोकी दारात येऊन पडली.

शनिवारी दुपारीच त्याने दुकान बंद केले. सगळ्यात दमदार यंत्र आणि भरलेली बॅटरी घेऊन घरी आला. चित्रांचा कागद पाहिलाही नाही. कपाट ते काय, त्याने सागवानी दरवाजे केलेले. पहिली फळी उभी केली, दुसरी तिला आडवी लावली, टर्रर्र, स्क्रू डोक्यापर्यंत आत. तिसरी, टर्रर्र. प्रत्येक सांधा असा आवळला की फळीतून किंचित कुरकुर ऐकू यावी. सोळा स्क्रूंपैकी पंधरा झाले तेव्हा चहासुद्धा झाला नव्हता. त्याला स्वतःचेच कौतुक वाटले. आता पाठीची फळी दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये वरून सरकवायची, सोळावा स्क्रू मारायचा, की झाले.

पाठीची फळी जाईना.

एका बाजूने खाचेत शिरली की दुसऱ्या बाजूला बोटभर बाहेर राही. त्याने ढकलली, तळहाताने ठोकली, गुडघा लावला. मग वाटले, सोळावा स्क्रू आधी मारला तर बाजू ओढली जाईल. यंत्र लावले आणि जोर दिला. स्क्रू गेला, थांबला, आणि मग नुसताच गरगर फिरू लागला. ही फळी म्हणजे काही लाकूड नव्हे, भुसा दाबून केलेली. आतला भुसा चुरून जमिनीवर सांडला. भोक मेले.

व्यापारी त्या भुशाकडे पाहत राहिला. चार वाजले होते. उद्या दहाला टेम्पो येणार होता. दुकानात यंत्रांची रांग लागलेली, पण या घडीला विचारायचे कोणाला, हे त्यांतल्या एकाही यंत्राला सांगता येणार नव्हते. त्याने स्कूटर काढली आणि मिस्त्रींच्या घराकडे वळवली.

मिस्त्री आता फार थकले होते. काम सुटून बरीच वर्षे झाली होती. पण कामाची पडवी तशीच होती, आणि भिंतीवर हत्यारे ओळीने टांगलेली होती. पटाश्या, करवती, गुण्या, लहान-मोठे रंधे. खिळ्याला खिळा लागून दाटीने सगळे. मध्ये एकच खिळा मोकळा. व्यापाऱ्याचे लक्ष तिथे गेले. त्या खिळ्यावर एके काळी त्याचा स्वतःचा रंधा असायचा. इतक्या दाटीत तो एक खिळा कोरा का, असे त्याच्या मनात आले, पण ती वेळ विचारायची नव्हती.

"काय रे," मिस्त्री म्हणाले, "यंत्रं बिघडली वाटतं सगळी?"

"यंत्रं ठीक आहेत, मिस्त्री. कपाट बसत नाही."

"कोणाचं?"

"रोहिणीसाठी आणलंय. उद्या येतेय ती."

मिस्त्रींनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. कोपऱ्यातून स्क्रू पिळायचा एक जुना डिसमिस उचलला, खिळ्यावरची सुतळी खिशात घातली, काडेपेटी घेतली आणि स्कूटरवर मागे बसले. "हळू चालव," एवढेच म्हणाले. "आता मला आपटायची हौस नाही."

घरी आल्यावर त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली. सुतळीचे एक टोक वरच्या डाव्या कोपऱ्यावर धरले, दुसरे खालच्या उजव्यावर. मग तीच सुतळी उलट्या कोपऱ्यांना लावली. तीन बोटे कमी पडली; चौकट तिरकी झाली होती. "हं," म्हणाले. "चहा ठेव."

व्यापारी चहा घेऊन बाहेर आला तो दारातच थबकला. मिस्त्री जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि डिसमिसने एक-एक स्क्रू उलटा फिरवत होते. पहिला सैल केला, दुसरा केला, तिसऱ्याला हात घातला.

"मिस्त्री, अहो हे काय? चांगले आवळलेत की ते. अडलाय फक्त शेवटचा."

मिस्त्रींनी चहाकडे बोट दाखवून कप खाली ठेवायला सांगितला, आणि चौथा स्क्रू सैल केला.

"मिस्त्री, वेळ नाही हो. उद्या दहाला येईल ती. मी काय, फळ्यांचा ढीग दाखवू तिला?"

"आता यंत्र का नाही लावत, तेवढंच विचारायचं राहिलं तुझं," मिस्त्री म्हणाले आणि पाचव्याकडे वळले.

जे काही उभे राहिले होते तेही म्हातारा डोळ्यांदेखत उलगडत होता, तेही इतक्या सावकाश की प्रत्येक स्क्रूला चहाचा एक घोट. पण पंधराही स्क्रू तीन-तीन फेरे सैल झाले तरी कपाट पडले नाही. उभेच होते, फक्त जरा डुलत होते. मिस्त्रींनी काडेपेटीतल्या दोन काड्या मोडल्या, गुल काढून टाकले, व्यापाऱ्याकडून सरस मागून त्यात बुडवल्या आणि मेलेल्या भोकात खोचल्या. "याला वाळू दे," म्हणाले. मग उठून कपाटाच्या कोपऱ्याला हलकेच खांदा लावला. सुतळी पुन्हा दोन्हीकडून लावली. आता सारखी आली.

"ती फळी दे."

पाठीची फळी वरून खाचेत धरली आणि सोडली. ती स्वतःच्या वजनानेच खाली गेली आणि तळाशी टप्प असा आवाज करून बसली.

व्यापाऱ्याने निःश्वास टाकला आणि यंत्र उचलले. "घ्या, आता दोन मिनिटांत सगळे आवळून टाकतो."

"कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"हे कपाट उभं कुठं राहायचं आहे?"

"इथंच. या भिंतीला."

"कोणी ठरवलं?"

"मी."

"बरं," म्हणून मिस्त्रींनी त्याच्या हातातले यंत्र घेतले, खालची बॅटरी खटकन काढली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. यंत्र परत त्याच्या हातात दिले. "हे असंच सैल राहू दे उद्यापर्यंत."

व्यापारी पार गोंधळला. "डुगडुगतंय हो ते. तिला वाटेल, मला हेसुद्धा जमलं नाही."

तेव्हा मिस्त्री पुन्हा खाली बसले. उरलेला चहा थंड झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.

"लेका," ते म्हणाले, "तू काम विसरलास असं मी म्हणत नाही. तुला सवय वेगळी लागली. दुकानात तुझा एक स्क्रू आणि एक ठोकळा. ठोकळ्याला कोणाची वाट बघायची नसते, म्हणून त्याला कितीही आवळ, बिघडत नाही. कपाटाचं तसं नाही. तू पहिली फळी आवळलीस तेव्हा पाठीची फळी अजून खोक्यात होती. तिचं म्हणणं काय, तिला किती जागा लागते, कोणाला ठाऊक होतं? तू मात्र आधीच सगळं पक्कं करून मोकळा झालास. मग ती आली, आणि तू तिलाच गुडघा लावलास. फळी चुकीची नव्हती रे. तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं. म्हणून सगळे स्क्रू आधी नुसते धरायचे. सगळी मंडळी येऊ द्यायची. एकमेकांना टेकू द्यायचं. जिथं कायम राहायचं त्या जागी नेऊन उभं करायचं, कारण जमीन कुठंच सपाट नसते. आणि मग हातानं आवळायचं, थोडं याचं, थोडं त्याचं."

ते थांबले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मी हे उशिरा शिकलो. तू माझ्याकडं होतास तेव्हा पहाटे पाचाला यायचं, रंधा असाच धरायचा, उभं असंच राहायचं, सगळं मीच ठरवलेलं. तू गेलास. मी गावभर सांगितलं, यंत्रांच्या मोहाला भुलला. चार वर्षं तसंच सांगत होतो. मग एकदा भिंतीवर नवी पटाशी टांगायला गेलो, आणि तुझ्या खिळ्यावर हात थांबला. तेव्हापासून तो मोकळाच आहे. तू येशील म्हणून नाही. आलास तर अडायला नको, म्हणून."

व्यापाऱ्याने रिकामा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत आला तेव्हा मिस्त्री चपला घालत होते. डिसमिस कपाटावर ठेवलेला होता.

"हा राहिला की."

"राहू दे. उद्या लागेल."

"मला?"

"वापरायचं कपाट कोणाला आहे?" मिस्त्री म्हणाले आणि जिना उतरू लागले.

रोहिणी दहाला नाही, पावणेअकराला आली. टेम्पोवाल्याला खाली थांबायला सांगून वर आली. जराशी वाळली होती. चपला काढताना तिने जुन्या सवयीने त्या ओळीत लावल्या, आणि त्या लावलेल्या पाहून व्यापाऱ्याला उगाचच अपराध्यासारखे झाले. मग तिचे लक्ष कपाटाकडे गेले. तिने जवळ जाऊन हात लावला. कपाट डुलले.

"हे हलतंय."

"हो."

"जोडलं कोणी?"

"मीच. जोडलंय. आवळलं नाही अजून."

तिने वळून त्याच्याकडे नीट पाहिले. "ताप-बीप आलाय का तुम्हाला?"

व्यापाऱ्याच्या जिभेवर भिंतीचे वाक्य अगदी तयार होते. कपाट इथे, यंत्र इथे, उजेड डावीकडून, सगळे त्याने मनात मोजून ठेवले होते. त्याने ते गिळले. वीस वर्षांच्या संसारात जो प्रश्न त्याने विचारला नव्हता तो विचारायला त्याला जरा वेळच लागला.

"कुठं ठेवायचं?"

रोहिणीला वाटले असावे की उत्तर आधीच ठरलेले आहे, फक्त तिच्या तोंडून यायचे आहे. तो काही सुचवेना तेव्हा तिने खोलीभर नजर फिरवली.

"खिडकीशी," ती म्हणाली.

खिडकीशी त्याची खुर्ची होती. वर्तमानपत्राची चळत होती. तो गेला आणि खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग दोघांनी दोन बाजूंनी कपाट धरले. सैल असल्यामुळे ते चालता चालता कधी इकडे झुकायचे, कधी तिकडे. "धरा, धरा, तुमच्याकडं कललं," रोहिणी म्हणाली आणि हसली. ते हसू त्याने आठ महिन्यांत ऐकले नव्हते. खरे तर त्याच्याही आधीची कित्येक वर्षे ऐकले नव्हते, हे त्याला आत्ता कळले.

खिडकीजवळची फरशी एका अंगाला खोल होती. रोहिणीने खोक्याचा तुकडा फाडला, घडी केली आणि त्या कोपऱ्याखाली सारला. डुलणे कमी झाले. त्याने तिच्या हातात डिसमिस दिला. तिने चार कोपऱ्यांचे चार स्क्रू आवळले, थोडा हा, थोडा तो, जसे तिच्या मनगटाला जमेल तसे. मग थांबली.

बारा उरले होते. व्यापाऱ्याची बोटे आपोआप वळली होती. त्याने हात पाठीमागे घेतले.

"बाकीचे असू देत," रोहिणी म्हणाली. "मशीन आता न्यावी लागेल. अठरा ब्लाउज कबूल केलेत, पोरींची लग्नं तोंडावर आलीत."

"हो. ने."

"उरकलं की..." तिने हात कपाटावर ठेवला. "बघू."

तोच शब्द. पण हात तिने लगेच काढला नाही.

टेम्पोवाला वर आला, यंत्र पोत्यात गुंडाळून खाली गेले. निघताना रोहिणीने पिशवीत हात घातला, बॉबिनचा डबा आणि निळ्या खडूचा तुकडा काढला आणि कपाटाच्या खणात ठेवला. "हे इथं असू दे," म्हणाली. त्याने खण लावला नाही, डबा सरळही केला नाही.

टेम्पोचा आवाज वळणापलीकडे गेला. व्यापारी परत खोलीत आला. त्याच्या यंत्राची बॅटरी मिस्त्रींच्या खिशात होती, पण दुकानात तशा चाळीस पडलेल्या होत्या आणि दुकान हाकेच्या अंतरावर होते. तो खिडकीशी गेला आणि कपाटाला हलकेच हात लावला. ते किंचित हलले, आणि थांबले. कोणाची तरी चाहूल घ्यावी तसा तो क्षणभर उभा राहिला.

मग जायला वळला, तर खिडकीखाली फरशीवर काहीतरी चमकले. टाचणी होती. नवी, लख्ख. पिशवीतून डबा काढताना पडली असावी.

व्यापारी वाकला. वाकून थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. मग सरळ उभा राहिला, तिला जपून ओलांडले, आणि त्या मोकळ्या खिळ्याच्या पडवीकडे, मिस्त्रींकडे निघाला.